सव्वासहाच्या गाडीतली तोंडी परीक्षा

“तुम्ही पुढं बसा, मी मागं बसते,” मी म्हणाले.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सायकल चहाच्या टपरीमागं लावली, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाले, “बरं.”

“आणि मिरजेत उतरल्यावर कॉलेजपर्यंत येऊ नका. तुमचं काम असेल तिकडं जा.”

“बरं.”

“कुणी विचारलं तर...” एवढं बोलून मी गप्प बसले. कुणी विचारलं तर काय, हे उघडपणे सांगायची लाज वाटली. त्यांना ते न सांगताही कळलं. डोक्यावरची टोपी नीट करत त्यांनी तिसऱ्यांदा “बरं” म्हटलं आणि जतच्या स्टँडकडं माझ्या दहा पावलं मागून चालू लागले. एरवी ते मला रोज या कोपऱ्यापर्यंत सायकलवर सोडत आणि इथूनच मागं फिरत. त्या दिवशी म्हणाले, मिरजेत काम आहे. काय काम, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला. गावात याला ‘मालीशचं कॉलेज’ म्हणत. जत ते मिरज जायला अडीच तास, यायला अडीच तास, शिवाय वाडीपासून स्टँडपर्यंतची सायकल वेगळी. मिरजेत राहायची सोय होत होती, पण आप्पांची अट होती: रोज घरी यायचं, मगच शिकायचं. मी अट मान्य केली आणि मनातून वर्षभर धुसफुसत राहिले.

आप्पा हाडवैद्य. ‘आप्पा वैद्य’ म्हटलं की तीस-चाळीस गावं ओळखत. मोडलेला हात, निसटलेला खांदा, मुरगळलेला घोटा घेऊन माणसं बैलगाडीतून आमच्या दारात येत. बारावी झाल्यावर ते मला म्हणाले होते, “माज्याजवळ शीक की. तुजा हात चांगला हाय.” मी पटकन बोलून गेले, “तुमचं सगळं अंदाजपंचे असतं. मला शास्त्र शिकायचंय.” त्या दिवसापासून त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल एक शब्द विचारला नाही. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ लिहिलं. त्याखाली सही त्यांचीच होती. कॉलेजात मास्तरांपासून मुलांपर्यंत सगळे हाडवैद्य हा शब्द शिवीसारखा वापरत. मी हसणाऱ्यांच्यात हसत असे.

गाडी लागली. मी पळत जाऊन खिडकीतून रुमाल आत टाकला आणि तिसऱ्या बाकाची जागा धरली. अप-डाउन करणाऱ्यांचा हा कायदाच होता. रुमाल पडला की जागा त्याची, मग साक्षात कलेक्टर आला तरी उभा राहणार. माझ्या शेजारी पाटोळे सिस्टर. त्या मिरजेत एका दवाखान्यात नर्स होत्या आणि अकरा वर्षं अप-डाउन करत होत्या. आप्पा मागाहून चढले आणि पुढं ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर बसले. सिस्टरनी त्यांना पाहिलं, ओळखलं नाही. आमचा कोपरा त्यांना कधी दिसलाच नव्हता. मी तशीच काळजी घेतली होती.

“आज तोंडी ना गं तुझी?”

“हो. साडेनऊला. बाहेरचे परीक्षक आहेत, रणदिवे सर म्हणून. फार कडक आहेत म्हणतात.”

“नाही पोचलीस तर?”

“नंबर गेला की संपलं. एवढ्या एका विषयासाठी वर्ष जाईल.”

गाडी सुटली तशी मी डोळे मिटून सुरुवात केली. अडीच तासांचा प्रवास निभवायची माझी एक रीत होती. हलत्या गाडीत वाचलं की मळमळे, म्हणून आदल्या दिवशीचं सगळं पुटपुटत आठवायचं. डफळापूरपर्यंत स्नायू, तिथून कवठे महांकाळपर्यंत नसा, आणि कवठ्यानंतर मिरजेपर्यंत झोप. स्नायू कुठं सुरू होतो, कुठं संपतो, हे मी स्वतःच्या दंडावर, मांडीवर बोट फिरवून म्हणत असे. लॅटिन नावं, तीही पुटपुटत. रोजची माणसं सवयीनं दुर्लक्ष करत. नवखी माणसं मात्र जरा सरकून बसत. “ही पोरगी मंत्र म्हणती काय हो?” असं एकानं कंडक्टरला विचारल्याचं सिस्टरनी मला हसत हसत सांगितलं होतं. मला त्याची गंमत वाटली होती.

त्या दिवशी माझ्या डोक्यावरच्या फळीवर एक लांबट कापडी पिशवी होती. तिच्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं माणसाच्या मांडीचं हाड. आमच्याकडं हाडं अशीच शिकतात. वरच्या वर्गाच्या मुलींकडे असलेली कॉलेजची हाडं मागून घ्यायची, घरी न्यायची, परीक्षेआधी परत करायची. चार दिवस ते माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली होतं. हाडवैद्याच्या घरात हाड लपवून ठेवायचं, यातलं हसू तेव्हा मला सुचलं नाही.

डफळापूर मागं पडल्यावर एक बैल रस्त्यात आडवा आला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. पिशवी फळीवरून सुटली, टॉवेल उलगडला आणि ते हाड थेट पलीकडच्या बाकावर बसलेल्या बाईच्या मांडीवर पडलं. तिच्या मांडीवर कापडात बांधलेला डबा होता. हाड त्या डब्यावर आपटून खाली घरंगळलं.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग ती बाई अशी किंचाळली की ड्रायव्हरनं गाडी पार कडेला घेतली.

“माझ्या बाळंतिणीचा डबा! लेकीला न्यायला लागलेय मी! चार दिवसांचं पोर हाय तिचं!”

“माणसाचं हाड हाय हो ते!”

“कुणाची पिशवी? ह्या पोरीची!”

“अहो, ती कॉलेजची मुलगी आहे, शिकायला लागतं त्यांना,” पाटोळे सिस्टर उभ्या राहून ओरडल्या.

“शिकायला? मी गेल्या आठवड्यात बघितलंय हिला. डोळं झाकून मंत्र पुटपुटत असती, अंगावरनं बोटं फिरवत! आत्ताबी तेच चाललंतं!”

झालं. पुस्तकातल्या स्नायूंची नावं माझ्या अंगाशी आली. मी सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी मध्येच ओरडे. ड्रायव्हर खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, “ते हाड खाली उतरल्याबिगर मी गाडी हलवणार न्हाय. माझी लेकरंबाळं हायत.”

“मग हिलाच उतरवा!”

“मास्तर, उतरवा हिला!”

कंडक्टर, ज्याला आम्ही सगळे मास्तर म्हणायचो, भला माणूस होता. तो म्हणाला, “बाई, तू असं कर, ते हाड इथं टाकून दे कुठं तरी झुडपात.”

“नाही टाकता येत हो, ते माझं नाही. परत द्यायचंय. आणि टाकायची वस्तू आहे का ती?”

“मग तू उतर. मागनं दुसरी गाडी येईल.”

मागची गाडी दोन तासांनी होती. घड्याळात सव्वासात वाजले होते. मी हाड उचलून छातीशी धरलं होतं आणि रडू येऊ नये म्हणून दात आवळले होते. वर्षभराचं पहाटेचं उठणं, उभ्यानं केलेला परतीचा प्रवास, सगळं त्या माळावर उतरून जाणार होतं. वाद चालूच राहिला. सिस्टर भांडत होत्या, दोघंतिघं त्यांच्या बाजूनं बोलत होते, बाकीचे विरुद्ध. सव्वा तास गेला. मी पुढच्या बाकाकडं बघत नव्हते. बघितलं असतं तर हाक मारली असती, आणि सकाळी मीच तर त्यांचं तोंड बंद केलं होतं.

मग पुढून आवाज आला, अगदी सावकाश. “गौरव्वा, थोरल्याचं मनगट कसं हाय आता?”

डबेवाली बाई रडता रडता थांबली. “आप्पा? तुमी हाय व्हय गाडीत?”

“हाय की. मनगट कसं हाय?”

“बरं हाय. घागर उचलतोय.”

“त्यात मी काय बसवलंतं?”

“हाड.”

“हे तेच हाय. तुज्यात हाय, माज्यात हाय. तुज्या लेकीच्या बाळातबी हाय, म्हणून तर त्ये उद्या मान धरंल.” आप्पा उठून माझ्यापर्यंत आले. “पोरी, दे ते हिकडं.”

पोरी. जणू पहिल्यांदाच बघत होते. मी हाड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी पायातल्या चपला काढल्या. मग हाड कपाळाला लावलं.

“चाळीस वर्सं हाडं बसवली,” ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, “पर कातड्याखालचीच. उगडं हाड आज पैल्यांदा हातात घेतोय.”

त्यांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवायला लागले. मी तशीच डोळे मिटून बोटं फिरवते, हे त्या वेळी मला पहिल्यांदा दिसलं. वरचं बोंड, मान, मधला दांडा, खालच्या दोन गाठी. मग म्हणाले, “उजवा पाय.”

“होय,” मी म्हणाले.

“बाईमाणूस असावी. बारीक हाय.” बोटं दांड्याच्या मध्यावर थांबली, मागं गेली, परत आली. “हितं मोडलंतं. लई मागं. पर कुणीतरी झ्याक जुळवलंय बघ. येवढी गाठ ऱ्हायली नुसती.”

मी चार दिवस ते हाड हाताळत होते. तो उंचवटा मला लागला होता आणि पुस्तकातल्या एका रेषेचं नाव मी त्याला देऊन मोकळी झाले होते. आता त्यांनी माझं बोट धरून तिथं ठेवलं आणि मला तो जोड कळला.

“ह्या बाईसाठी कुणीतरी म्हैनाभर उशाला बसलं आसंल,” आप्पा गौरव्वाकडं वळून म्हणाले. “भ्यायचं काय त्यात? ही आता मेल्यावर पोरींना शिकवतीया. तुज्या लेकीचा डबा बाटला न्हाय. झाला तर तिच्या आशीर्वादाचाच झाला.”

गौरव्वानं पदरानं डोळे पुसले. मग एक बोट पुढं करून तिनं हाडाला हात लावला आणि नमस्कार केला. त्यानंतर मला उतरवा म्हणायला कुणी शिल्लक राहिलंच नाही. ड्रायव्हर आपणहून चढला.

पण गाडी सुरू झाली तरी लोक मला सोडेनात. मघाशी उतरवा म्हणणाराच म्हणाला, “ह्या बोंडाला काय म्हणत्यात गं?” मी सांगितलं. “आन् माझा खुबा का दुखतो बसताना?” मी त्याला हाड धरून दाखवलं, सांधा कुठं, स्नायू कुठं. आप्पा शेजारी उभं राहून ऐकत होते. मध्येच ते विचारत, “ह्याला तुमच्यात काय म्हणत्यात?” मी म्हणे, “फीमर.” ते म्हणत, “फीमर,” आणि ओठातल्या ओठात परत एकदा. कवठ्यापर्यंत सगळ्या गाडीनं माझी तोंडी परीक्षा घेतली.

“आप्पा, हुशार हाय की हो पोरगी,” गौरव्वा म्हणाली. “कुणाची म्हणायची?”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“कुणास ठाऊक. असंल कुणाची तरी. नशीबवान हाय बाप,” असं म्हणून ते पुढच्या बाकावर जाऊन बसले.

मी तोंड उघडू शकले असते. सिस्टर शेजारी होत्या, सगळी गाडी कौतुकानं बघत होती. मी उघडलं नाही. त्या दिवसातली हीच गोष्ट मला आजही खुपते.

मिरजेला उतरले तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी स्टँडवरून धावत सुटले. आप्पा मागं कुठं राहिले ते पाहिलं नाही. परीक्षेच्या खोलीबाहेर पोचले तेव्हा माझा नंबर कधीच होऊन गेला होता.

आत रणदिवे सर आणि आमच्या कारखानीस मॅडम बसले होते. सर म्हणाले, “नंबर गेला तुमचा. पुढच्या वेळी या.”

“सर, रोज जतहून येते ही,” मॅडम म्हणाल्या. “वर्षात एक दिवस उशीर नाही हिला. गाडी बंद पडली असेल. काय गं, गाडी बंद पडली ना?”

मॅडमनी दार उघडून दिलं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाही मॅडम,” मी म्हणाले आणि घडलं ते सांगितलं. हाड कसं पडलं, लोक कसे बिथरले, आणि एका माणसानं कशी समजूत घातली.

“कोण माणूस? डॉक्टर होते का गाडीत?” सरांनी विचारलं.

“नाही सर. एक हाडवैद्य.”

सरांचा चेहरा बदलला. “हाडवैद्य! असल्या लोकांनी करकचून बांधलेले हात मी पाहिलेत. काळे पडलेले. पोरांचे. आणि तुम्ही, या कॉलेजच्या विद्यार्थिनी, कॉलेजचं हाड त्याच्या हातात दिलंत?”

“होय सर.”

“का?”

खोलीत माझ्या वर्गातल्या दोन मुली होत्या, हाडं मांडणारा शिपाई होता. माझं वर्ष त्या माणसाच्या पेनाच्या टोकावर होतं. मला गौरव्वाचा प्रश्न आठवला आणि आप्पांचं उत्तर.

“कारण ते माझे वडील आहेत, सर.”

कारखानीस मॅडमनी चष्मा काढला.

“फॉर्मवर मी शेती लिहिलंय. ते खोटं आहे. माझे वडील हाडवैद्य आहेत. तुम्ही म्हणता तसे हात काळे पडतात, ते खरं आहे, बांधणारे तसेही असतात. माझे वडील बांधलं की दोन बोटं आत जातात का बघतात, रोज नख दाबून रक्त परत येतं का बघतात. हाड बाहेर आलं असेल तर हात लावत नाहीत, मिरजेलाच पाठवतात. त्यांना नावं येत नाहीत. बाकी येतं.”

सरांनी हात पुढं केला. “ते हाड दाखवा. काय सांगितलं त्यांनी याच्याबद्दल?”

“उजवा पाय. बाईचं असावं. मधे मोडून जुळलेलं आहे.”

“एका हाडावरून बाईचं छातीठोकपणे सांगता येत नाही.”

“त्यांनीही ‘असावी’च म्हटलं, सर.”

सरांचा अंगठा दांड्यावरून मागं-पुढं झाला आणि थांबला. ते खिडकीपाशी गेले, उजेडात हाड फिरवून पाहिलं. “मॅडम,” ते म्हणाले, “हे किती वर्षं आहे तुमच्याकडं?”

“सहा-सात वर्षं असेल.”

“आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?”

सर खुर्चीत येऊन बसले आणि मला म्हणाले, “बसा.” इतर मुलींना दहा मिनिटं मिळाली होती, मला त्यांनी चाळीस मिनिटं पिळून काढलं. दया दाखवल्याचं कुणी म्हणू नये म्हणून असेल, किंवा राग असेल. मी एकही उत्तर पडू दिलं नाही. दोनदा तर त्यांना वाटलं मी चुकले, आणि पुस्तक उघडून पाहावं लागलं. शेवटी ते म्हणाले, “वडिलांचं पूर्ण नाव काय?” मी सांगितलं. त्यांनी ते गुणांच्या तक्त्यावर नव्हे, स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं. का, ते मला कधीच कळलं नाही. निकाल लागला तेव्हा त्या विषयात वर्गात मी दुसरी होते. पुढची सगळी वर्षं मी सव्वासहाच्याच गाडीनं काढली, आणि मिरजेत राहा म्हणून आप्पांनीच सांगूनसुद्धा मी राहिले नाही.

बाहेर आले तर आप्पा फाटकाच्या बाहेर, रस्त्यापलीकडं झाडाखाली बसले होते. त्यांचं मिरजेतलं काम एवढंच होतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या मागं मुलींचा घोळका होता. मी रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी मातीत बसले.

“घेतली परीक्षा?” ते म्हणाले. ते मुलींकडं बघून जरा सरकले, अंतर ठेवायला.

मी सरकून परत जवळ बसले. “घेतली.”

“काय इचारलं?”

“तुमचं नाव.”

“माजं? त्येचं काय काम तितं?”

“विचारलं खरं.”

“मग?”

“सांगितलं. पूर्ण.”

आप्पांनी जमिनीवरची काडी उचलली, मोडली, टाकून दिली. “शेतकरी म्हणून न्हवं?”

“नाही. हाडवैद्य म्हणून. सगळ्यांसमोर.”

ते उठले, धोतराची माती झटकली, टोपी काढून परत घातली.

“मग चल की,” म्हणाले, “तुजं कालेज दाव मला.”